गायडिंगसाठी तारा कोणता घ्यावा, एक्स्पोजर किती ठेवावं?

बेसाची_गच्ची: राम राम मंडळी. ८० मिमीची दुर्बीण, ईक्यू५ माउंट (ताऱ्यामागं दुर्बीण फिरवणारा स्टँड), गायडिंगला (फोटो चालू असताना एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारायला) २०० मिमी फोकल लेंथची छोटी दुर्बीण न् मोनो (कृष्णधवल) कॅमेरा. नागपूरजवळ बेसाच्या गच्चीवरून हॉर्सहेड तेजोमेघाचे फोटो घेऊन राहिलो. पीएचडी२ या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत ठळक तारा पकडला, एक्स्पोजर अर्धा सेकंद. चुकीचा ग्राफ नुसता नाचून राहिला, दोन मिनिटांच्या फ्रेममध्येही तारे लांबट. काय बदलू?

रामटेक_रोड: दोन्ही बदला भाऊ. हॉर्सहेडच्या बाजूलाच अल्निटाक आहे, दुसऱ्या प्रतीचा. बहुतेक तोच पकडला तुम्ही. स्टार प्रोफाइल (ताऱ्याच्या तेजाचा आलेख) उघडून पाहा. टोक सपाट दिसलं म्हणजे तारा सॅच्युरेट झाला (कॅमेऱ्याच्या मर्यादेपलीकडं तेजस्वी), मग त्याचा मध्य सॉफ्टवेअरला नेमका काढता येत नाही. टोकदार प्रोफाइलचा, मध्यम तेजाचा तारा हवा. खरं तर मल्टी-स्टार (एकाच वेळी अनेक तारे वापरणं) चालू करून निवड ऑटोवरच सोडा. हातानं तारा निवडायची हौस कशाला, हे माझं जुनं भांडण आहे.

आता एक्स्पोजर. अर्ध्या सेकंदात दिसते ती हवेची थरथर, माउंटची चूक नाही. माउंट त्या थरथरीमागं धावते, न् दुरुस्तीचा पल्स (माउंटला दिलेला हलका धक्का) पोचेस्तोवर तारा भलतीकडंच गेलेला असतो. दोन-तीन सेकंद ठेवा, थरथर सरासरीत विरते. फार वाढवलं तर मात्र वर्म गिअरची (माउंट फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या दातेरी दांड्याची) चूक तेवढ्यात पुढं निघून जाते. गच्चीचा स्लॅबही संध्याकाळी गरम असतो, म्हणून घाई नको. मृगाचा पट्टा (हॉर्सहेड तिथंच आहे) आपल्याकडं ६५ अंशांच्या वर चढतो, तोवर थांबा. कॅलिब्रेशनही (कोणत्या पल्सनं तारा किती सरकतो हे सॉफ्टवेअरला शिकवणं) तिथंच करा, आकाशातलं विषुववृत्त जवळ आहे.

डार्क लायब्ररी (झाकण लावून घेतलेल्या फ्रेमांचा संच) केली का? बिनकूलिंगचा कॅमेरा आपल्या उन्हाळ्यात हॉट पिक्सेलनं (उगाच चमकणाऱ्या ठिपक्यांनी) भरतो, न् त्यातलाच एखादा तारा म्हणून धरला जातो. ग्राफ एकदम सरळ, आपण खूश, फोटोत रेघोट्या! पिक्सेल हलणार कुठं?

हार्मोनिकवाला: माझ्या हार्मोनिक माउंटला (वर्मऐवजी वेगळ्या गिअरचं माउंट) दोन सेकंद जास्त होतात. तिची चूक झरझर बदलते, म्हणून मी अर्धा ते एक सेकंद ठेवतो, वर मल्टी-स्टार. ईक्यू५ला हे लावू नका.

बेसाची_गच्ची: प्रोफाइल सपाटच निघालं बाप्पा! गायडिंग असिस्टंट (पीएचडी२चं चुका मोजणारं साधन) किती वेळ चालवू?

रामटेक_रोड: वर्मचा एक फेरा होऊ द्या, ईक्यू५ला साधारण दहा मिनिटं. त्यातच पोलर अलाइनमेंटची (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडं रोखण्याची) चूकही कळेल. ध्रुव इथं जेमतेम २१ अंशांवर, त्यात बेसाहून तो अख्ख्या शहराच्या उजेडावर येतो. तो आकडा आधी पाहा.