शिवाजीनगरचा एसटी स्टँड शिवाजीनगरलाच परत हवा

शिवनेरीखालचा:
पुण्यातला शिवाजीनगरचा एसटी स्टँड 2019 च्या अखेरीस मेट्रोच्या भुयारी स्टेशनसाठी वाकडेवाडीला, दुग्धविकास खात्याच्या जागेत हलवला. काम होतं तोवर ठीक, म्हणून लोकांनी सोसलं. मेट्रो स्टेशन 1 ऑगस्ट 2023 ला सुरूही झालं. आमची एसटी मात्र अजून वाकडेवाडीतच. जुन्या जागेवर आता व्यापारी संकुलासकट नवं स्थानक बांधायचं म्हणतात. म्हणजे संकुल उभं राहीपर्यंत प्रवाशाने कळ काढायची. याला माझा विरोध आहे.

जुन्या स्टँडची खरी सोय त्याच्या शेजारात होती. लोणावळा लोकलने उतरलं की रेल्वे स्टेशनातून चालत एसटीच्या फलाटावर. नाशिक, संभाजीनगर, नगर, जुन्नर, ज्याची गाडी लागली असेल त्यात बसा. जिल्हा न्यायालय, संचेती हॉस्पिटल, इंजिनिअरिंग कॉलेज, सगळं पायी. आता दोनेक किलोमीटरसाठी रिक्षा.

परवा जुन्नर गाडीतून एक आजी उतरल्या. एका हाताशी एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात पिशवी. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत, त्यामुळे गावाहून इथवर येताना एक रुपया लागला नाही. दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाला मात्र लागणार होता. नातू भाड्यावरून हुज्जत घालत होता आणि आजी पाकीट दुमडू नये म्हणून छातीशी धरून उन्हात उभ्या. मोफत प्रवासाचा फायदा असा स्टँडच्या दारातच रिक्षात जातो, हे कुणी लक्षात घेतलंय का?

खडकीकर:
तुमची तळमळ कळते, पण मी उलट बाजूने बघतो. नाशिक आणि मुंबई रस्त्याने येणाऱ्या गाड्या आता शहराच्या आत न शिरता वाकडेवाडीलाच थांबतात. जुन्या स्टँडच्या फाटकातून गाडी बाहेर काढताना संचेती चौकापर्यंत किती खोळंबा व्हायचा, आठवतंय ना? ऑफिस सुटायच्या वेळी तर ड्रायव्हरचा जीव मेटाकुटीला यायचा. लांब पल्ल्याच्या गाड्या शहराच्या मध्यात आणूच नयेत. माझं तर म्हणणं आहे, वाकडेवाडीही आतच आहे, अजून बाहेर न्या.

लोकलवाली:
खडकीकर, गाडी बाहेर थांबली तरी माणसं शहरातच जाणार ना? भरलेल्या एका एसटीतली चाळीस माणसं उतरून दहा-पंधरा रिक्षा करतात. रस्त्यावर गर्दी कमी झाली की वाढली? मी तळेगावहून लोकलने येते, पुढे नगरला जायचं असतं. आधी लोकल आणि एसटी एका ठिकाणी होती. आता सामान घेऊन मध्ये तिसरं वाहन शोधायचं. बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्याचं मोल मी जाणते. पण अंधार पडल्यावर वाकडेवाडीतून एकटीने बाहेर पडताना ते अर्धं तिकीट उपयोगी पडत नाही.

खडकीकर:
अंधाराचा मुद्दा मान्य. तिथे दिवे लावा, पोलीस चौकी द्या, पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, फेऱ्या वाढवा. ही कामं महिन्याभरात होतात. स्टँड पुन्हा हलवायला वर्षं लागतील.

जुना वाहक:
एसटीत नोकरी केलेला माणूस म्हणून लिहितो. खडकीकरांचं एक बरोबर आहे: जुन्या स्टँडवर गाडी वळवायला जागा अपुरी होती, फलाटावर गाडी लावण्यावरून आमच्या आमच्यात वाद व्हायचे. पण स्टँड प्रवाशाच्या पायाशी असेल तरच एसटी चालते. तो लांब गेला की जवळच्या पल्ल्याचा प्रवासी आधी तुटतो. नारायणगाव, मंचर, राजगुरूनगर. तो वडापने, म्हणजे खासगी जीपने, जातो, दुचाकी काढतो. मग भारमान, म्हणजे गाडीतल्या भरलेल्या जागांचं प्रमाण, घटलं म्हणून फेरी बंद होते आणि जिच्याकडे दुचाकी नाही ती म्हातारी गावातच अडकते. लांब पल्ल्याच्या गाड्या वाकडेवाडीला राहू द्या हवं तर. जवळच्या गाड्या आजच शिवाजीनगरहून सोडा. त्याला संकुल कशाला हवं? चार फलाट, छप्पर, चौकशीची खिडकी आणि स्वच्छतागृह पुरे.

हिशेबी पुणेकर:
महामंडळ तोट्यात असताना एवढी मोक्याची जागा चार फलाटांसाठी ठेवायची? संकुलाच्या भाड्यातून नव्या गाड्या येतील. खाली स्टँड, वर दुकानं, यात वाईट काय?

शिवनेरीखालचा:
वाईट काही नाही, क्रम चुकतोय. आधी खालचा स्टँड सुरू करा, मग वर हवे तेवढे मजले चढवा. भाडं येईल तेव्हा येईल, तोवर प्रवासी तुटला तर नव्या गाड्यांत बसणार कोण? जुन्या वाहकांनी म्हटलंय तसं जवळच्या गाड्यांपासून सुरुवात करा. मी तसं निवेदन लिहायला घेतलंय. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या लोकांनी आपापल्या ग्रामसभेत ठराव करून सोबत जोडावेत.

हिशेबी पुणेकर:
वर बांधकाम चालू असताना खाली प्रवासी आणि गाड्या? सळई पडली तर जबाबदारी कुणाची? निवेदनात आधी याचं उत्तर लिहा, मग सही करतो.

जुना वाहक:
बांधकाम सुरू होईपर्यंत तर गाड्या लावता येतील ना? सुरू झाल्यावर रेल्वे स्टेशनच्या बाजूला निदान चढ-उतारापुरता थांबा द्या. हे दोन्ही निवेदनात घाला.