एसएलआर ‘स्वयंचलित’ का नाही?

प्रश्न : बातम्यांत ‘स्वयंचलित रायफल’ हा शब्द सरसकट वापरलेला दिसतो. एसएलआरमध्ये (सेल्फ-लोडिंग रायफल) पुढची गोळी आपोआप भरली जात असूनही ती स्वयंचलित का मानत नाहीत, आणि आपला कायदा हा फरक करतो का?

उत्तर १ : गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबाने रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन नवे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) येते, इथवर दोन्ही प्रकार सारखेच आहेत. मात्र एसएलआरचा चाप कितीही वेळ दाबून धरला तरी एकच गोळी सुटते. दुसरीसाठी बोट ढिले करून चाप पुन्हा दाबावा लागतो. म्हणून ती अर्धस्वयंचलित.

उत्तर २ : शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 2 मध्ये नेमकी हीच कसोटी आहे. चाप सोडेपर्यंत किंवा मॅगझिन (गोळ्यांची पेटी) संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी रचना असलेले हत्यार ‘प्रतिबंधित’ ठरते, आणि कलम 7 नुसार केंद्र सरकारच्या विशेष अधिकारपत्राशिवाय ते बाळगता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान शिक्षा 7 वर्षांची आहे. अर्धस्वयंचलित रायफल मोकळी आहे, असा अर्थ मात्र कृपया काढू नये, 7.62 मिमी लष्करी काडतूस चालणारी रायफल नियमांनुसार प्रतिबंधित वर्गातच मोडते.

उत्तर ३ : इन्सास या भारतीय लष्करी रायफलचे उदाहरण मला अधिक रंजक वाटते, कारण तिच्यात चाप एकदा दाबल्यावर तीन गोळ्या सुटून थांबण्याची सोय आहे. अमेरिकेच्या 1934 च्या कायद्यात चापाच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या सुटल्या की ते शस्त्र मशीनगन ठरते. अशा तीन गोळ्यांनी थांबणाऱ्या शस्त्राबाबत आपल्या व्याख्येची शब्दरचना इतकी नेटकी नाही.