व्ही-क्रॉसला फूटस्टेप लावायचीय, गोल पाइप घेऊ की फळीवाली? (आईला चढता येत नाही)

देवगडचा_हापूस

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत सेकंडहँड व्ही-क्रॉस (इसुझूची पिकअप) घेतली, २०१७ चं मॉडेल, २.५ लिटरवालं. बागेत जायला, पेट्या टाकायला आणि घरची गाडी म्हणून पण तीच, दुसरी गाडी नाही. आधीच्या मालकाने गोल क्रोमचे पाइप लावले होते, वरून एकदम चकाचक, आणि खाली ब्रॅकेटं पापडासारखी. सीझनमध्ये गडी हौद्यात चढायला पाइपवर उभा राहिला आणि पुढचं ब्रॅकेट तुटून पाइप खाली लोंबायला लागला. नशीब गडी पडला नाही. दोन्ही बाजूचे काढून टाकले.

आता खरा प्रॉब्लेम आई. वय ६८, उंची ४ फूट १०, गुडघे दोन्ही कामातून गेलेत आणि ऑपरेशन म्हटलं की विषय बदलते. टेपने मोजलं, जमिनीपासून दरवाज्याच्या उंबऱ्यापर्यंत २३ इंच भरतात. परवा कणकवलीला डॉक्टरकडे न्यायची होती, परत येताना भर बाजारात मी तिला उचलून सीटवर बसवली, चार लोक बघत होते, तेव्हापासून ती म्हणते मी एसटीनेच जाईन.

दुकानात तीन प्रकार दाखवले. ३ इंची गोल पाइप, त्यावर पाय ठेवायला प्लास्टिकचे दोन तुकडे. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची रुंद फळी. तिसरी मोटरवाली, दार उघडलं की आपोआप खाली येते. दुकानदार फळीच्या मागे लागलाय, साहेब गाडी भरलेली दिसेल म्हणतो. गावातला वेल्डर म्हणतो निम्म्या पैशात मी करून देतो. बागेचा रस्ता कातळावरून आहे, मधे एक व्हाळ (ओढा), पाऊस तर तुम्हाला माहितीच आहे आणि समुद्र घरापासून ४ किलोमीटर. काय घेऊ?

घाटवाट

मोटरवाली पहिली यादीतून काढ. चिखल आणि रेती त्या सांध्यात गेली की एक दिवस ती खाली आलेली वर जाणार नाही, आणि तो दिवस नेमका व्हाळाच्या मधोमध असणार.

बाकी मी स्वतः दोन वर्षं गोल पाइप वापरून मग काढलाय म्हणून लिहितो. या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून पोटापर्यंतची उंची) २२५ मिमी आहे हे खरं पण व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३ मीटरच्या वर आहे, म्हणजे उंचवट्यावरून जाताना पुढचं चाक उतरलं आणि मागचं अजून चढायचंय अशा वेळी गाडी पोटावर टेकते, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना सगळ्यात खाली काय असतं तर तुझी फूटस्टेप. माझा पाइप ताम्हिणीकडे एका दगडावर टेकला, वाकला, आणि वर वाकून दरवाज्याच्या खालच्या कडेला चिकटला. ड्रायव्हर साइडचं दार उघडेना. पलीकडच्या दाराने उतरलो. तेव्हापासून पाइप आणि दार यांच्यात निदान दोन बोटं गॅप असल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

बरेच जण स्टेप आणि रॉक स्लायडर एकच समजतात. स्लायडर सरळ चेसिसला जोडलेला असतो, गाडीचं वजन दगडावर आलं तरी झेलतो. स्टेप माणसाचं वजन झेलायला असते, बास. तुझ्या आईसाठी स्लायडरचा उपयोग नाही कारण तो मुद्दाम उंच ठेवलेला असतो. तुला पाहिजे स्टेपच, फक्त तिच्या जिवावर कातळावर गाडी घासू नको.

सांगलीची_सून

माझ्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आमच्याकडे टोयोटाची हायलक्स पिकअप आहे, म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम, फक्त लोगो वेगळा. भाऊ, तुम्ही पाइप की फळी विचारताय पण आधी विचारायला पाहिजे की स्टेप जमिनीपासून किती उंच येणार. आम्ही पहिल्यांदा फोटो बघून सुंदर फळी घेतली. ती बॉडीला इतकी चिकटून होती की जमिनीपासून १८ इंच आली आणि तिथून गाडीत फक्त ५-६ इंच. म्हणजे अवघड पायरी तशीच राहिली आणि सोपी पायरी आम्ही पैसे देऊन विकत घेतली! घरातल्या जिन्याची पायरी ७ इंचाच्या आसपास असते. गुडघेदुखीच्या माणसाला १८ इंच म्हणजे टेबलावर चढण्यासारखं.

दुसरं, सगळे चढण्याचाच विचार करतात. उतरणं जास्त अवघड असतं, कारण स्टेप बॉडीच्या खाली आत असली की वरून दिसतच नाही आणि म्हातारं माणूस पायाने चाचपडत बसतं. आमच्या फिजिओथेरपिस्टने शिकवलं की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि उतरताना गाडीकडे तोंड करून शिडीसारखं उतरायचं. हे शिकल्यावर निम्मी भांडणं मिटली.

आणि साडी. आई नऊवारी नेसत असतील तर काष्ट्यामुळे पाय तरी मोकळा उचलतो, सहावारीत पाऊल उघडतच नाही, त्यामुळे गोल पाइपवर तिरका पाय ठेवून तोल सांभाळणं विसरा. पूर्ण पाऊल मावेल अशी सपाट जागा पाहिजे. पण खूप रुंद पण नको, पुढच्या चाकाचा चिखल सगळा फळीवर येऊन बसतो आणि जो माणूस फळी न वापरता सरळ उतरतो त्याच्या पोटऱ्या आणि आमच्यासारख्यांचे निऱ्यांचे काठ बरोबर तिथे पुसले जातात. पुढच्या चाकाला मोठे मडफ्लॅप लावा आधी.

पत्रा_आणि_पाइप

आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, कोल्हापूरच्या बाजूला, त्यामुळे वेल्डरचा विषय निघाला म्हणून लिहितो. वेल्डरकडून करून घ्यायला हरकत नाही पण तीन गोष्टींवर त्याच्या डोक्याशी बस.

चेसिसला वेल्डिंग नको. तो म्हणेल साहेब दोन टाके मारतो, आयुष्यभर हलणार नाही. चेसिसचं पोलाद त्या उष्णतेने टाक्याशेजारी कमकुवत होतं आणि वर्षानुवर्षं हादरे बसून भेग तिथूनच निघते. नवीन भोकं पण नकोत. गाडी जॅकवर घे, खाली झोप, चेसिसला कंपनीची भोकं दिसतील, ब्रॅकेट त्यावर बसेल असं बनवून घे. एका बाजूला तीन ब्रॅकेटं, दोन नकोत, दोनवर मधे झोक येतो. बोल्ट १० मिमीचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटासकट (आत नायलॉनची कडी असते, हादऱ्याने सुटत नाही). डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं, नसलं तर परत दे.

मग एक गोष्ट जी बरेच मिस्त्री पण चुकतात. या गाडीत बॉडी चेसिसवर रबरांवर बसलेली असते, आणि केबिन वेगळी, हौदा वेगळा. खराब रस्त्यावर ही तिन्ही वेगवेगळी हलतात. एक ब्रॅकेट केबिनच्या पत्र्याला आणि दुसरं चेसिसला असं केलंस तर पहिले दोन महिने कुरकुर आणि मग तडा. सगळी चेसिसला नाहीतर सगळी बॉडीला, आणि हौद्यापर्यंत लांब न्यायची असली तरी हौद्याला बांधायची नाही.

आता स्टीलचं. ४ किलोमीटरवर समुद्र म्हणजे तुझा खरा शत्रू खारी हवा. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, बघा चिकटत नाही, ३०४ आहे (स्टेनलेस स्टीलचा चांगला ग्रेड). अरे २०२ ग्रेडला पण चिकटत नाही! २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, स्वस्त पडतं आणि किनाऱ्यावर लवकर गंजतं. केमिकलचा थेंब टाकून फरक कळतो, कुठल्याही चांगल्या स्टीलवाल्याकडे ती बाटली असते. बिलावर ग्रेड लिहून घे. आणि ३०४ सुद्धा समुद्राजवळ चहाचे डाग पडल्यासारखं तपकिरी होतं, पुसलं तर जातं, घाबरू नको. साधं एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) घेतलंस तर पावडर कोटिंग चालेल, पण पाइपची दोन्ही टोकं बंद करून घे आणि तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेव, कारण पाइप आतून कुजतो आणि वरून चकाचक दिसतो. तुझ्या जुन्याचं हेच झालं असणार. अ‍ॅल्युमिनियमची फळी घेतलीस तर बोल्टखाली नायलॉनचे वॉशर टाक, खाऱ्या हवेत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा भुगा होतो.

निफाड_पिकअप

आमची बोलेरो पिकअप, द्राक्षाच्या क्रेटसाठी. दिसण्याबिसण्याचं आपल्याला काही नाही. चेकर प्लेटची साधी पायरी वेल्डरकडून केली, पाणी तुंबू नये म्हणून प्लेटला भोकं पाडली, चार वर्षं झाली. फक्त एक सांगतो, लांब पट्टी केली की गडी लोक त्यावर उभे राहून येतात, बागेतून रोडपर्यंत तर नक्कीच, आपण ओरडून काही होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ च आहे त्यासाठी, चालत्या गाडीच्या पायदानावर माणूस नेता येत नाही, जबाबदारी ड्रायव्हरवर. म्हणून मी पायरी फक्त दाराखाली ठेवली आणि हौद्यात चढायला मागे फाळक्याजवळ वेगळी लावली. तुमच्या गड्याचा पाइप तुटला तो पण हौद्यात चढतानाच ना.

मिशिगनचा_मावळा

इथे प्रत्येक तिसऱ्या घरासमोर पिकअप उभी असते त्यामुळे हा विषय इथे राष्ट्रीय आहे. आमच्याकडे समुद्र नाही पण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, निकाल तोच. माझ्या फोर्ड एफ-१५० पिकअपची स्टेप छान होती, ब्रॅकेटं गेली. बोल्ट बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं ग्रीस) लावा नाहीतर पाच वर्षांनी काढायला ग्राइंडर लागेल. आणि महिन्यातून एकदा खालून साध्या पाण्याने धुणे, दुसरा इलाज नाही. माझी आई इथे आली की मी प्लास्टिकचं घडीचं स्टूल गाडीत ठेवतो, हसू नका, तीन वर्षं तेच चाललंय.

देवगडचा_हापूस

सगळ्यांचे आभार, एवढं वाचून रात्री डोकं चालायला लागलं. सांगलीच्या ताईंचं वाचून आज सकाळी प्रयोग केला. अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेत कंपाउंडचे, एक चिरा आडवा दरवाज्याखाली ठेवला, ७ इंच. आई चढली पण दुसरी पायरी १६ इंचाची, तिथे अडकली. मग दोन चिरे, १४ इंच. पहिल्याला मी हात दिला, पुढचे ९ इंच ती स्वतः गेली. कारण काय तर दोन चिऱ्यांवर उभी राहिल्यावर तिचा हात खांबावरच्या हँडलला पोचला! जमिनीवरून पोचतच नव्हता, आम्ही इतके दिवस तिला नुसतं हँडल पकड हँडल पकड म्हणत होतो. मग तिसरा प्रयोग, आधी एक चिरा, मग दोन, मग गाडी, अशा तीन पायऱ्या केल्या, तर ही बाई कुणाचा हात न धरता वर जाऊन बसली आणि म्हणाली, "ह्यो चिरोच गाडयेत घालून ठेव, पैशे कित्याक घालवतंस?"

तर आता असं ठरतंय की १४ इंचावर सपाट स्टेप, पूर्ण पाऊल मावेल एवढी, फक्त दोन दारांखाली, आणि मावळे साहेबांचं स्टूल. पण १४ इंचावर म्हणजे घाटवाटचे दगड आलेच, त्याचं काय?

घाटवाट

दोन्ही बाजूंना सारखी कशाला लावतोस? आई बसते डावीकडे पुढे. तिथे एकच पायरी खाली उतरती, नटबोल्टवर निघणारी, दोन बोल्ट काढले की मोकळी. बागेत जाताना काढून हौद्यात टाक. बाकी सगळीकडे उंच ठेव. आणि बसवून झाल्यावर जॅक लावून बघ, स्टेपच्या मागे जॅकची जागा झाकली गेली तर पंक्चर झाल्यावर रस्त्यावर रडशील.

पत्रा_आणि_पाइप

निघणारी पायरी मस्त कल्पना, पण बोल्टऐवजी आरपार पिन आणि तिला लॉकची क्लिप टाक, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या हिचला असते तशी. रोज पाना कोण फिरवणार. पिनचं भोक सैल ठेवू नको, खडखडेल. आईचं वजन विचारू नये पण तू स्वतः आणि आणखी एक जण त्यावर उभे राहून हलून बघा, तेव्हाच वेल्डरला पैसे दे. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळ.

सातबारा_उतारा

आरटीओचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण तेच सांगितलंय. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं ते बुलबारबद्दल (बंपरपुढे लावतात ते लोखंडी गार्ड) होतं. म्हणून बॉडीच्या रुंदीबाहेर काही काढू नका, चेसिस कापू नका, आणि इन्शुरन्स रिन्यू करताना नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजच्या रकान्यात किंमत टाका, बिल जपून ठेवा. वेल्डरकडून बिल मिळणं हा वेगळा धागा होईल.

देवगडचा_हापूस

वेल्डरला सगळं दाखवलं, मोबाइलवर वाचून दाखवलं पण. आधी म्हणाला एवढ्याशा पायरीला एवढं शहाणपण कशाला, मग ३०४ ची पट्टी आणि पिन बघून स्वतःच उत्साहात आला. डावीकडची झाली, आमच्या टेपने १४ इंच बरोब्बर. मी आणि मेहुणा दोघं त्यावर नाचलो, काही झालं नाही. वर खरखरीत टेप लावलीय, सँडपेपरसारखी असते ती, ओल्या चपलेनं पण घसरत नाही. जॅकची जागा मोकळी आहे.

आई काल चढली, स्टूल न घेता, एक हात माझ्या खांद्यावर. उतरताना मात्र तोंड गाडीकडे कर म्हटलं तर ऐकेना, लोकांकडे पाठ करून काय उतरायचं म्हणते. सांगलीच्या ताई, यावर काही उपाय असेल तर सांगा.