लाल साबणाच्या वासाला नावं ठेवणाऱ्यांना

चोपड्याचा केळीवाला: काल इथं एकानं लिहिलं की लाल कार्बोलिक साबण म्हणजे दवाखान्याचा वास, गरिबीची खूण, उगाच त्याच्या आठवणी काढू नका. वाचून डोकं तापलं. आमचे आबा केळीच्या कापणीवरून यायचे तेव्हा हात चिकानं काळे, मानेवर मातीचा थर. बंबातलं पाणी घंगाळात घ्यायचे अन न्हाणीतल्या दगडावर बसून ती विटेसारखी लाल वडी अंगावर घासायचे. माय दोऱ्यानं वडीचे दोन तुकडे करायची, एक न्हाणीत, एक संडासाजवळ. कपाशीच्या फवारणीहून आलेल्या माणसाला तर आधी त्या साबणानं हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावू द्यायची नाही. ती लाल वडी म्हणजे लाइफबॉय, १८९४ ला इंग्लंडात लिव्हर कंपनीनं काढला, पुढच्याच वर्षी तो भारतात आला. त्यातलं कार्बोलिक म्हणजे फिनॉल, जंतू मारणारं रसायन, तेच लिस्टर नावाच्या सर्जननं १८६५ मध्ये ग्लासगोत जखमा सडू नयेत म्हणून वापरलं होतं. त्या वासाला गरिबीची खूण म्हणायची हिंमत होते कशी?

धुळेकर: ती पोस्ट माझीच. तुमचे आबा होते तशी माझी आई होती. चार भावंडांत एक वडी, डिसेंबरात अंग असं उलायचं की पिंढरीतून रक्त यायचं, अन वर्गात शेजारचा पोरगा म्हणायचा याच्या अंगाला फिनेलचा वास येतो. सातवीपर्यंत मी मागच्या बाकावर बसलो. आणि जंतू मारणाऱ्या साबणाचं एवढं कौतुक करताय तर ऐका, २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, ट्रायक्लोसान या जंतुनाशकासकट १९ घटक साबणात वापरायला बंदी घातली, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा जास्त उपयोगी असल्याचा पुरावा कंपन्यांनी दिला नाही.

चोपड्याचा केळीवाला: ट्रायक्लोसान वेगळं, कार्बोलिक वेगळं. दोन्ही एका टोपलीत टाकू नका.

अमळनेरची लेक: तुम्ही दोघं इंग्लंडच्या साबणावरून भांडताय, घरचा साबण कोणाला आठवतो का? १९४५ ला आमच्या अमळनेरात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स निघाली, वनस्पती तूप अन सोबत ७८७ साबण. तीच पुढं विप्रो झाली. आमच्या घरात कपडे, भांडी अन आम्ही पोरं, सगळं ७८७ नंच धुतलं जायचं.

भुसावळ लोको: ताई, ७८७ कपड्याचा साबण, त्यानं पोरं न्हाऊ घालायची? गावाचा अभिमान ठेवा पण उगाच काहीही सांगू नका.

अमळनेरची लेक: काहीही नाही, माझ्या अंगावर झालंय ते सांगते. तुमच्या रेल्वे क्वार्टरला नळ होता, आमच्याकडं बोअरचं जड पाणी, त्यात तुमचा लाल साबण फेसच धरायचा नाही.

भुसावळ लोको: जड पाण्यात कुठलाच साबण फेस धरत नाही, ७८७ पण नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत त्याचा चोथा होतो, बादलीच्या कडेला पांढरं चिकटतं ते तेच. फेसाचं कारण पुढं करून लाल साबणाला हरवू नका.

अमळनेरची लेक: बरं, फेसाचं तुमचं खरं. पण माझी दुखरी नस वेगळी आहे. गावात कितीतरी घरांनी त्या कंपनीचे शेअर जपून ठेवले अन त्यांचं नशीब पालटलं. माझ्या वडिलांना पण घ्या म्हणून सांगत होते, ते म्हणाले कागद घेऊन काय करू, साबण घेतो. तो साबण घासून संपला. आजही कंपनीच्या रस्त्यानं गेले की मान खाली घालून जाते.

भुसावळ लोको: हे माहीत नव्हतं ताई. तरी अंगाला कपड्याचा साबण चुकीचाच.

धुळेकर: मूळ मुद्दा राहिला बाजूला. ज्या लाल वडीसाठी रडताय ती तरी कुठं उरलीय? २००२ ला नवीन लाइफबॉय आला तेव्हाच कार्बोलिकचा वास काढून टाकला. लोकांना तो वास प्यारा असता तर कंपनीनं कशाला काढला असता?

चोपड्याचा केळीवाला: कारण तुमच्यासारख्यांना वर्गात लाज वाटली म्हणून! पण अंग उलायचं हे कबूल करतो, आमची माय पण रात्री खोबरेल लावून द्यायची. वास मात्र गरिबीचा नव्हता, तो घरी आलेल्या माणसाचा होता, एवढं मी सोडणार नाही.

धुळेकर: सोडू नका. पोस्ट का लिहिली ते सांगतो. गेल्या महिन्यात नातेवाइकाला बघायला दवाखान्यात गेलो, बाई फरशी पुसत होती, फिनेलचा वास आला अन एकदम आई समोर उभी राहिली, हातात दोऱ्यानं कापलेला अर्धा तुकडा घेऊन. तिथंच बाकावर बसून राहिलो. घरी येऊन रागानं लिहिलं, नक्की कुणावर राग होता ते मलाच कळलं नाही.

चोपड्याचा केळीवाला: हेच आधी लिहायचं होतं भो. तुमची माय पण दोऱ्यानंच कापायची का?