दीपनगरच्या कोळशाच्या सायडिंगवर लोकल चालू शकते का?

तापीकाठचा: मंडळी हसू नका बरं. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राला कोळशाच्या मालगाड्या जातात ती सायडिंग (मुख्य लाइनीतून फुटलेला फाटा) आहेच ना, मग त्याच रुळावरून सकाळ-संध्याकाळ एक मेमू (जवळच्या अंतराची विजेवरची लोकल) भुसावळमार्गे जळगावपर्यंत सोडली तर अपडाऊनवाल्यांचं हायवेवर एसटीची वाट बघत उभं राहणं तरी वाचेल. मोठ्या शहरांत मालगाडीच्या लाइनी लोकलला दिल्यात म्हणतात, जमलं का तिथे?

रूळवेडा: दिल्लीची रिंग रेल्वे बघ. मालगाड्यांनी शहराची गर्दी टाळून बाहेरून जावं म्हणून १९७५ मध्ये ही साधारण ३५ किमीची लाइन झाली, मग १९८२ च्या एशियाडसाठी तिच्यावर लोकल वाढवल्या. खेळ संपले आणि डबे रिकामे फिरू लागले. स्टेशनं आडबाजूला, उतरल्यावर पुढे जायला धड बस नाही, गाड्या मोजक्या. मालगाडीला गाव टाळायचं असतं अन माणसाला गावात यायचं असतं, घोळ इथेच आहे.

भरीतपार्टी: असं सगळीकडेच नाही ना भो. जपानमध्ये ओसाकात जुन्या मालगाडीच्या लाइनवरच ओसाका हिगाशी लाइन काढली, २००८ ला अर्धी आणि २०१९ ला थेट शिन-ओसाकापर्यंत. पण त्यांनी एकेरी लाइन दुहेरी केली, नवी स्टेशनं बांधली आणि त्यातली बरीच जिथे दुसऱ्या लाइनी आडव्या जातात तिथे, म्हणजे उतरलं की लगेच दुसरी गाडी. नुसती मेमू आणून उभी केली नाही.

तापीकाठचा: म्हणजे आपलं होणार नाही असंच म्हणून राहिले ना सगळे 😄

यार्डातला: सायडिंग आणि लाइन यात फरक आहे भाऊ. सायडिंग बहुतेक कारखान्याच्याच ताब्यात असते, सिग्नल, रूळ सगळं मालगाडीच्या हिशोबाचं. प्रवासी गाडी सोडायची तर प्लॅटफॉर्म पाहिजे आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी तपासून मंजुरी द्यायला पाहिजे. त्यात कोळसा खाली होईपर्यंत रेक (मालगाडीचे जोडलेले डबे) तिथेच उभा, मग तुझी मेमू थांबणार कुठे? त्यापेक्षा भुसावळ-जळगाव शटल मागा, तिथे रूळ आहेत, स्टेशनं आहेत, फक्त टाइम ऑफिस-कॉलेजचा पाहिजे.

रूळवेडा: +१. अन दीपनगरहून भुसावळ स्टेशनात सोडणारी एसटी त्या शटलच्या टाइमाला लावा, दिल्लीत नेमकं तेच राहिलं.

तापीकाठचा: हे पटलं. निवेदन लिहायला घेतो, पासवाले कोण कोण सही करणार सांगा.