एमजीबीचे सिल घरी बदलायचेत, सुरुवात कुठून करू?

सांगलीचा_साहेब

नमस्कार मंडळी, मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम कॉव्हेंट्रीजवळ. मागच्या ऑक्टोबरात 1971 ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) घेतली, क्रोम बंपरवाली, हिरवी. लांबून अशी चकाकते की शेजारचे आजोबा कुंपणावर रेलून बघत बसतात. घेताना इंजिन ऐकलं, ऑइल प्रेशर बघितलं, सगळे गिअर टाकून बघितले, फक्त खाली वाकून बघायचं राहिलं.

परवा दाराखालच्या सिलवर रंगाला फुगवटा दिसला म्हणून स्क्रूड्रायव्हरने जरा टोकरलं तर अख्खं पातं आत. मग काय, खरवडतच गेलो. वर रंग, त्याखाली बोटभर लांबी (म्हणजे पुट्टी), त्याखाली फायबरग्लासची जाळी, त्याखाली पॉप रिव्हेट मारून बसवलेला पत्रा आणि त्याच्या मागे मूळचा सिल, म्हणजे नुसता तपकिरी भुगा. बायकोने विचारलं हे काय चहा पावडर सांडलीस का.

वेल्डिंग डिप्लोमाला वर्कशॉपमध्ये केलं होतं तेवढंच. वेल्डिंगचं मिग मशीन घ्यायची तयारी आहे कारण गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला त्यात अजून एक गाडी येईल. घरी जमेल का? आणि रंगही घरीच मारायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

जुनी_चावी

जमेल, मी माझ्या जीटीचे (छपरावाली एमजीबी) दोन्ही बाजूंचे घरीच केले, पण घाई केलीत तर गाडी कायमची वाकडी होईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. सिल म्हणजे दाराखालची शोभेची पट्टी नव्हे, तो गाडीचा कणा आहे, आणि तुमच्या रोडस्टरला छप्पर नाही म्हणजे सगळा भार त्या दोन कण्यांवरच. त्यात बाहेरचा सिल, आतला सिल आणि दोघांच्या मधे उभा पत्रा ज्याला मेम्ब्रेन म्हणतात, आणि खालून कॅसल रेल नावाचा पत्रा. बाहेरचा इतका गेलाय तर मधला धड असेल ही आशा सोडा.

दुसरी गोष्ट, बाहेरचा सिल दिसतो त्यापेक्षा लांब असतो, पुढे मडगार्डच्या आत जातो आणि मागेही. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे, निघतं (बोल्ट तुटतील, आठवडाभर आधीपासून तेल सोडत राहा). मागचं वेल्ड केलेलं आहे, त्याचा खालचा तुकडा कापून नवा लावावा लागतो. हे टाळायला लोक फक्त दिसणारा भाग झाकतात, तुमच्या आधीच्या मालकाने तेच केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कापायच्या आधी दाराच्या फटी बघा. मागच्या बाजूला वर फट बारीक आणि खाली रुंद असेल तर गाडी मधे बसलीये. तशीच वेल्ड केलीत तर ते बसणं कायमचं. घोड्या (गाडी उचलून धरणारे स्टँड) सिलखाली मधे लावू नका, पुढे आणि मागे जिथे सस्पेन्शनचा भार येतो तिथे लावा. 25 मिमीचा चौकोनी पाइप केबिनच्या आतून पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत टॅक करा (ठिपक्याएवढं कच्चं वेल्ड), आतून म्हणजे दार लावून बघता येतं. दार काढून ठेवून सिल बसवणारे महाभाग मी पाहिलेत, नंतर दार कशातच बसत नाही. नवा सिल क्लॅम्पने धरा, दार लावा, उघडा, परत लावा, मगच टॅक. आणि एका वेळी एकच बाजू, कितीही हात शिवशिवले तरी.

पत्रा साधारण 1 मिमीचा, त्याला 0.6 मिमीची वेल्डिंग वायर. स्पॉट वेल्डच्या जागी 6 मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड (भोक वेल्डनेच भरायचं), दर इंचाला एक. आत झिंकवाला प्रायमर. पॅनल ब्रिटिश मोटर हेरिटेजचे घ्या, जुन्या मूळ डायवरच काढतात, ते लोक 1988 पासून अख्खी बॉडीही बनवतात. स्वस्तातले बसवताना रडवतात.

आणि डिकीच्या खालची पेट्रोलची टाकी आधी काढा, कार्पेट काढा, बॅटरी सोडवा, अग्निशामक हाताशी ठेवा. माझ्याकडे जुन्या अंडरसीलने (गाडीच्या पोटाला फासलेला थर) पेट घेतला होता, विझवायला ओलं पोतं कामाला आलं.

पत्रेवाला_कोल्हापूर

एमजीबी कधी हाताखाली आली नाही राव, पण आमचा वडिलांपासून डेंटिंगचा धंदा, पत्रा सगळीकडं सारखाच. सलग वेल्डिंग ओढत जाऊ नका, पत्रा तापला की लाटा येतात आणि मग आयुष्यभर लांबी भरत बसा. एक टॅक इथं, दुसरा वीतभर लांब, हात लावून थंड झाला बघितलं की तिसरा.

लांबी वाईट नसते, बोटभर लांबी वाईट. दोन मिमीच्या वर लागायला लागली तर समजायचं हातोडी-डॉलीने पत्रा सरळ करायचं काम अर्धवट राहिलंय. गंजावर तर मारायचीच नाही, पाणी पिते आणि आतून परत फुगते. आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी.

घासताना पेपर ठोकळ्याला गुंडाळून घासा, नुसत्या बोटांनी नको, बोटांच्या चऱ्या पडतात. उंच-सखल डोळ्याला दिसत नाही, हातात सुती मोजा घालून तळवा लांबच्या लांब फिरवा, लगेच कळतं. आमचे वडील पत्र्यावर रॉकेलचा बोळा फिरवून तिरप्या उजेडात बघायचे, ओल्या चकाकीत सगळ्या लाटा उघड्या पडतात. गिऱ्हाईक बघायच्या आत ते वाळायचं हा भाग वेगळा :)

ग्लासगोची_ताई

रंगाबद्दल लिहिते कारण वरच्या दोघांनी तो विषय सोडलाय. टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा रंग) घरी मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो, आणि एकदा त्याची अॅलर्जी बसली की नंतर जराशा वासानेही धाप लागते. साधा कार्ट्रिज मास्क त्याला पुरेसा नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो, आणि घराला चिकटून गॅरेज असेल तर घरातल्यांचं काय? आमच्या नात्यातल्या एकाने ही चूक केलीये म्हणून इतकं ठणकावून सांगतेय. तुम्ही प्रायमरपर्यंत घरी करा, शेवटचा रंग बूथवाल्याकडून मारून घ्या. घरीच हौस असेल तर सेल्युलोज रंग, जुन्या गाडीला शोभतंही, पण थिनरची वाफ पेटते, हीटर चालू ठेवून मारू नका. आणि नंतर पॉलिश करून करून हात दुखतील.

रंग झाल्यावर सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) सोडायला विसरू नका. खालची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवून.

सांगलीचा_साहेब

धन्यवाद सगळ्यांना. ताई, टू-पॅक कॅन्सल, बायकोने तुमचा प्रतिसाद वाचला.

एक शंका, 40 वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी (दरवर्षीची सरकारी तपासणी) लागत नाही, मग माझं वेल्डिंग तपासणार कोण?

जुनी_चावी

लागत नाही म्हणजे बंदी नाही. पैसे भरून करून घ्या. सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या जोडापासून 30 सेंमीच्या आतला गंज ते लोक बारकाईने बघतात, आणि तुमचं सगळं काम नेमकं तिथेच आहे.

सांगलीचा_साहेब

चार महिन्यांनी अपडेट. डावी बाजू झाली. मडगार्ड काढलं तर मागच्या कोपऱ्यात अर्धी बादली माती, पन्नास वर्षांची, आणि बरोबर तिथेच खांबाचा बूड कुजलेला. तो तुकडा पुठ्ठ्याचा साचा कापून हाताने बनवला, तिसऱ्यांदा जमला. पहिला सिल टॅक करून दार लावलं तर खाली घासायला लागलं, सगळे टॅक ग्राइंडरने तोडले, मागची घोडी जराशी उचलली आणि फट पेन्सिल फिरवून परत मापली. त्या शनिवारी जेवायलाच विसरलो. आता दार दोन बोटांनी लागतं.

माझे प्लग वेल्ड म्हणजे कबुतरांनी केल्यासारखे दिसतात, पण छिन्नी घालून बघितली, सुटत नाहीत.

उजव्या बाजूला हात घालायचा म्हणून सीटमागचं झाकण उघडलं, दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या बाहेर काढल्या, तर बॅटरी ठेवायच्या एका खोक्याच्या तळातून गॅरेजची फरशी दिसतेय. हा खोका सिलच्या आधी करू का नंतर?