मदत हवी आहे: घरी केलेल्या धनुष्याचा बाण एवढा मंद का जातो?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. लाकूडकाम हा सुट्टीचा नाद, धंदा नव्हे. खरगोनकडच्या ओळखीतून धामणीचा एक सरळ दांडा मिळाला, त्याचं एकाच लाकडातलं धनुष्य पावसाळ्यात बसून केलं. दिसायला बरं झालंय, पण बाणात दम नाही. पाणी कुठे मुरतंय ते सांगा.

लांबी ६६ इंच. रुंदी मुठीजवळ ३५ मिमी, टोकांशी २८. बॅग तोलायच्या काट्यावर २६ इंच ओढलं की १८ किलो भरतात. दोरी नायलॉनची, सियागंजातून आणलेली. बाण बांबूचे, पुढची टोकं लोहाराकडून करून घेतली.

वेग मोजायला महूच्या पुढे मित्राच्या शेतात २० मीटरवर भुश्याचं पोतं लावलं, मोबाइल पायाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि दोरीचा 'टण्' ते पोत्याचा 'धप्प' एवढा वेळ संगणकावर पाहिला. ०.६१ सेकंदाच्या आसपास येतो. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, १०८ फूट. आता लाकडी धनुष्यासाठी जो ठोकताळा सगळीकडे सांगतात, पौंडांतला ताण (पूर्ण ओढायला लागणारा जोर) अधिक शंभर बरोबर सेकंदाला तेवढे फूट, त्याप्रमाणे १८ किलो म्हणजे ४० पौंड, तर १४० यायला हवेत. लाकूडच बदलू का?

प्रतिसाद

लाकूड राहू द्या, आधी हिशेब बघू. मोबाइल तुमच्या पायाशी होता ना? मग 'टण्' लगेच टिपला गेला, पण 'धप्प' २० मीटर उलटा चालत आला. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे त्यात ०.०५८ सेकंद गेले. ते वजा केले की ०.५५ उरतात. वेग झाला ३६ मीटर, ११९ फूट. घरबसल्या ११ फूट परत मिळाले! पुढच्या वेळी मोबाइल बरोबर मधोमध, १० मीटरवर, जरा बाजूला ठेवा. दोन्ही आवाज सारखाच उशीर करतील, वजाबाकीची भानगडच नको.

दुसरं, बाणाचं वजन लिहिलंच नाहीत. तो ठोकताळा २८ इंच ओढ आणि पौंडामागे १० ग्रेन बाण धरून आहे. ४० पौंडांना ४०० ग्रेन, म्हणजे २६ ग्रॅम. तुमची ओढ मुळात दोन इंच कमी, तेवढी ताकद साठतच नाही. बाण किती भरतो?

धागाकर्ता

आवाजाचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद. सराफ्यात ओळखीच्या दुकानी काट्यावर टाकला (दुकानदाराने आधी बाणाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं). ३४ ग्रॅम! त्यात नुसतं लोखंडी टोक ११ ग्रॅमचं. मग सरळ १५-१६ ग्रॅमचा बाण केला तर?

प्रतिसाद

अजिबात नको. बाण फार हलका झाला की तो घेऊ शकत नाही ती सगळी ताकद पात्यांत (मुठीच्या दोन्हीकडचे वाकणारे भाग) आणि दोरीत परत फिरते. बाणाशिवाय दोरी सोडल्यासारखंच ते, आणि लाकडी धनुष्य त्यानेच तडकतं. तुमच्या ताणाला २१ ग्रॅमच्या खाली जाऊ नका. २६-२७ छान. टोक हलकं करा, बांबू थोडा तासा.

एक लक्षात असू द्या, जड बाण हळू जातो म्हणजे ताकद वाया जाते असं नाही. उलट तो धनुष्यातली जास्त ताकद घेऊन जातो. तुमचा ३४ ग्रॅमवाला पोत्यात खोल घुसत असणार. नुसत्या वेगाच्या आकड्यामागे लागून लोक चांगली धनुष्यं मोडतात, हे माझं मत.

दुसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

मला दोन गोष्टी खटकल्या. टोकाशी २८ मिमी म्हणजे फळकूट झालं. सुटताना सगळ्यात जोरात पळतं ते टोक, तिथला एकेक ग्रॅम ताकद खातो. मुठीजवळ पाच-दहा ग्रॅम जास्त असले तरी फरक पडत नाही. शेवटची वीतभर दोन्ही कडांनी निमुळती करत १२-१३ मिमीवर आणा, फक्त जाडी तिथे कमी करू नका. दुसरी ती नायलॉनची दोरी. ती ताणते, म्हणजे पात्यांनी दिलेलं दोरीच गिळते. डॅक्रॉनची (कमी ताणणारा पॉलिएस्टरचा धागा) वळून घ्या. झाबुआ-अलीराजपूरकडचे भिल्ल कामठ्याला (धनुष्याला) दोरीऐवजी बांबूची पट्टी लावतात, ती जवळजवळ ताणतच नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे माहीत असलेली माणसं तुमच्याच बाजूला, पश्चिम मध्य प्रदेशात आहेत, एकदा हाटाच्या दिवशी जाऊन बघा.

आणि दोरी उतरवल्या उतरवल्या पाती किती वाकलेली राहतात?

धागाकर्ता

डॅक्रॉन लावली, बाण २७ ग्रॅमवर आणला, मोबाइल मधोमध ठेवला. ०.५१ सेकंद, म्हणजे ३९ मीटर, १२८-१२९ फूट. टोकं अजून तासायची आहेत.

दोरी काढली की पाती पोटाकडे (ओढणाऱ्याच्या बाजूला) तीन इंच वाकलेली राहतात, रात्रभर ठेवलं तर दोनावर येतात. शिवाय वरच्या पात्यावर, मुठीपासून वीतभर अंतरावर, पोटाच्या बाजूला केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसतायत. पाठ साफ आहे. तेल लावून चालेल का?

दुसऱ्या सदस्याचा प्रतिसाद

तेल नको, आणि आता पूर्ण ओढूही नका. पोटाकडचे तंतू दाबून चुरडले की अशाच रेषा येतात. तीन इंचांचं कारणही तेच. पावसाळ्यात केलंत म्हणता, लाकडात ओल होती. ओलं लाकूड दाब सोसत नाही, बसतं ते बसतंच. त्यातून त्या एकाच जागी पातं बाकीच्यापेक्षा जास्त वाकत असणार. दोरी चढवून भिंतीसमोर फोटो काढा, कोपरा दिसेल.

त्या जागेला रंधा-कानस काही लावू नका. तिच्या दोन्ही बाजूंना आणि टोकाकडच्या अर्ध्या पात्यातून थोडं थोडं लाकूड काढा, म्हणजे वाक वाटला जाईल. दर वेळी काढून झालं की २०-२५ वेळा हलकेच ओढून मग बघा. ताण १६ किलोवर येईल, येऊ द्या. ओढ सध्या २४ इंच. रेषा वाढल्या नाहीत तरच २६ करा.

पुढचा दांडा आत्ताच आणून माळ्यावर टाका. आठवड्याला तोला, वजन घटायचं थांबलं की कामाला घ्या. मेअखेर तासून मोकळे व्हा, पावसाच्या आत. आणि तासायला घेण्याआधी भिंतीसमोरचा तो फोटो इथे टाका.